चांदीपूरची ओहोटी

'चांदीपूर' हे नाव आपल्या घरांत दोनच कारणांनी ऐकू येते. एक, वर्तमानपत्रात: 'ओडिशातील चांदीपूर येथून क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी'. दुसरे, पावसाळ्यात येणारा चांदीपुरा ताप. त्यामुळे "मला चांदीपूरला जायचंय" असे मी म्हटले, तेव्हा आईच्या हातातले लाटणे थांबले.

"त्या तापाच्या गावी? कशाला?"

तिची भीती खोटी नव्हती. २०२४च्या पावसाळ्यात आपल्या गुजरातेत या तापाने लहान मुले दगावली होती. मी तिला समजावले, की तो विषाणू ज्या चांदीपुऱ्याच्या नावाने ओळखला जातो, ते गाव नागपूर जिल्ह्यातले. १९६५ साली तो तिथे सापडला. मी म्हणते ते चांदीपूर पार बंगालच्या उपसागराकाठी, बालेश्वर शहरापासून सोळा किलोमीटरवर.

"म्हणजे ताप माझ्या माहेरचा निघाला," आई म्हणाली. तिचे माहेर उमरेडचे. "आणि तिथे बघायचं काय?"

"एक खेकडा."

"खेकडा बघायला दोन दिवस गाडीत बसायचं?"

बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी येतो बरोबर. गुडघा चालवून बघायचाच आहे."

बाबांचा उजवा गुडघा वर्षापूर्वी बदलला. कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू आणि मधे प्लास्टिकची चकती. घरात त्याला 'नवीन पाहुणा' म्हणतात. त्या पाहुण्याचे आणि मी बघायला निघाले होते त्या खेकड्याचे नाते आहे, पण ते बाबांना तेव्हा ठाऊक नव्हते.

मी बडोद्याजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात. कुठलेही नवे औषध किंवा शरीरात बसवायचे उपकरण माणसापर्यंत पोचण्याआधी त्याला बऱ्याच परीक्षा द्याव्या लागतात. ते पेशींना मारते का, त्वचेवर सूज आणते का, रक्तपेशी फोडते का, जनुकांना इजा करते का, हे आधी काचेच्या नळ्यांत आणि प्राण्यांवर पाहिले जाते. मग कागदपत्रांचा गठ्ठा सरकारी परवानगीसाठी जातो. बडोद्याच्या मुलांना हे क्षेत्र परके नाही. १९०७ साली इथे ॲलेम्बिक सुरू करणाऱ्यांत गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर कोटिभास्कर होते. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी औषध कंपनीत नोकरी केलेली आहे.

माझी चाचणी त्या सगळ्यात लहानशी. नळीत ०.१ मिलिलिटर नमुना, त्यात तेवढेच चाचणीद्रव, ३७ अंश तापमान, ६० मिनिटे. मग नळी अलगद उचलायची आणि एकदाच उलटी करायची. आतले द्रव ओघळले तर नमुना पास. घट्ट होऊन तळाला चिकटून राहिले तर नापास. हात हलला, नळीला धक्का बसला, तर सगळे पुन्हा.

ते चाचणीद्रव समुद्रातल्या एका प्राण्याच्या रक्तापासून करतात. सहा वर्षे मी ते रोज वापरते आहे. तो प्राणी मात्र कधी पाहिला नव्हता. ज्याचे मीठ खातो त्याला एकदा तरी भेटावे, एवढेच डोक्यात होते. शिवाय ऑफिसच्या खणात एक फाईल पडून होती, तिच्याबद्दल पुढे सांगते.

गेल्या माघी पौर्णिमेचा मुहूर्त धरून आम्ही निघालो. अहमदाबाद-हावडा गाडी आपल्याकडून सुरत, नंदुरबार, जळगाव, नागपूर असे महाराष्ट्राचे पोट आडवे कापत जाते. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन पाकिटे लीलो चेवडो दिला होता. अमळनेरपर्यंत चेवडो संपला. भुसावळच्या पुढे बाबांनी विचारले, "आता नीट सांग. खेकड्याचा आणि औषधाचा संबंध काय?"

मी त्यांना आजोबांची आठवण करून दिली. ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १९८७ साली आजोबांना एका लहानशा नर्सिंग होममध्ये सलाईन लावले होते. अर्धा तास झाला असेल नसेल, त्यांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, खाट हलायला लागली, अंगावर तीन रजया टाकल्या तरी थंडी जाईना, मग सणसणून ताप. नर्स म्हणाली, "होतं असं कधीकधी." बाटली बदलली, जुनी टाकून दिली. ती कुणी तपासली नाही. आजोबा दुसऱ्या दिवशी बरे झाले, पण मनातून सलाईन उतरले ते कायमचे. चार वर्षांनी उलट्या-जुलाबांनी आडवे झाले, तेव्हा त्यांनी सुई टोचू दिली नाही. तीन दिवस लिंबू-सरबतावर काढले. दवाखान्यात नेले तेव्हा मूत्रपिंडे गेली होती.

"त्या बाटलीत जंतू होते, असंच आम्ही धरून चाललो," बाबा म्हणाले.

"कदाचित जिवंत जंतू नसतीलही. मेलेले असतील."

काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एक पदार्थ असतो. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. बाटली उकळत्या वाफेच्या दाबाखाली ठेवली की जंतू मरतात, पण हे आवरण तुकड्यातुकड्यांनी तिथेच राहते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे. काचेच्या भांड्यावरून ते घालवायचे तर २५० अंशांवर अर्धा तास भाजावे लागते. पोटातून गेले तर बहुधा काही होत नाही, पण थेट रक्तात गेले की शरीराला वाटते जंतूंची फौज आली. मग हुडहुडी आणि ताप. प्रमाण जास्त असेल तर रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो.

"म्हणजे बाटली निर्जंतुक आहे आणि तरी वाईट आहे?"

"हो. म्हणून दोन वेगळ्या परीक्षा."

हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाला माहीत नव्हते. नुसते ऊर्ध्वपातित पाणी टोचले तरी रुग्णांना ताप यायचा. १९२०च्या दशकात फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिले, की दोष पाण्यातल्या जंतूंच्या अंशाचा आहे. तिने सशांवर प्रयोग केले, आणि त्यातून सशांची चाचणी रूढ झाली. १९४२ साली ती अमेरिकेच्या फार्माकोपियात म्हणजे औषधांच्या अधिकृत नियमपुस्तकात आली. तीन ससे घ्यायचे, कानाच्या शिरेतून नमुना टोचायचा, तीन तास तापमान मोजत राहायचे. एखाद्याचे अर्धा अंश किंवा अधिक चढले तर आणखी पाच ससे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सशांच्या खोलीत काम केले. लाकडी चौकटीत मान अडकवून बसलेला ससा आवाज करत नाही. फक्त नाक हलत राहते. घरी आल्यावर मी त्याबद्दल काही बोलत नसे. बाबांना ते गाडीत पहिल्यांदा कळले. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. नागपूर यायला अजून अवकाश होता.

खरगपूरला उतरून दुसऱ्या गाडीने बालेश्वर आणि तिथून रिक्षाने चांदीपूर. रस्त्यात सैन्याच्या हद्दीच्या पाट्या आणि काटेरी तारा दिसतात. पलीकडे क्षेपणास्त्रांची चाचणी होते. पंथनिवासात सामान टाकले आणि सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर आलो, तर समुद्र नव्हता.

समुद्र खरोखर नव्हता. समोर ओली, करडी, सपाट जमीन क्षितिजापर्यंत. दूर कुठेतरी एक चमकती रेघ. चांदीपूरची ओहोटी प्रसिद्ध आहे. दिवसातून दोनदा पाणी चार-पाच किलोमीटर मागे जाते आणि परत येते. तळ उथळ आणि जवळजवळ सपाट, म्हणून पाण्याची पातळी थोडी उतरली तरी किनारा मैलभर सरकतो. पौर्णिमा-अमावास्येला हा खेळ सर्वांत मोठा.

बाबांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. शस्त्रक्रियेचा व्रण उन्हात चमकला. आम्ही समुद्राच्या तळावरून चालायला लागलो. पायाखाली वाळूच्या वळ्या, मधे मधे घोटाभर पाणी, शिंपले, लाल खेकड्यांची बिळे. पावलांचा आवाज आला की सगळे खेकडे एकदम नाहीसे. मुले सायकली चालवत होती, एक बाई तळावरून शिंपले वेचत होती. उतरत्या उन्हात आम्ही दोनेक किलोमीटर गेलो असू. मला हवा होता तो प्राणी दिसला नाही.

त्याला खेकडा म्हणतात खरे, पण तो खेकडा नाही. विंचू आणि कोळी त्याचे जवळचे नातेवाईक. घोड्याच्या नालेसारखी पाठ, मागे लांब टोकदार शेपूट. त्याचे पूर्वज ४५ कोटी वर्षांपूर्वीही साधारण असेच दिसत. जगात आज याच्या चारच जाती उरल्या आहेत. एक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, तीन आशियात. त्या तिघींपैकी दोन आपल्या ओडिशा-बंगालच्या किनाऱ्याला राहतात. यांच्यावर भारतात मोठे संशोधन झाले ते गोव्यात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डॉ. अनिल चॅटर्जी यांनी याच बालेश्वरच्या किनाऱ्यावर येऊन अनेक वर्षे त्यांचा अभ्यास केला. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला नर-मादीची जोडी किनाऱ्याला येते आणि वाळूत अंडी घालते.

त्याचे रक्त निळे असते. आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबे. १९५६ साली अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी फ्रेडरिक बँग या संशोधकाला दिसले, की विशिष्ट जंतू टोचल्यावर या प्राण्याचे रक्त गोठते. पुढे जॅक लेव्हिन यांच्याबरोबर काम करताना उलगडले, की हे एंडोटॉक्सिनमुळे होते. समुद्रात जंतूच जंतू. या प्राण्याकडे आपल्यासारखी प्रतिकारशक्ती नाही. जखमेतून जंतू शिरला, की रक्तपेशी फुटतात आणि त्याच्याभोवती गोळा जमवून त्याला तिथेच कोंडतात. त्या पेशी फोडून केलेले द्रव म्हणजे माझ्या नळीतले चाचणीद्रव. १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला पहिला परवाना दिला, आणि हळूहळू सशांची जागा नळ्यांनी घेतली.

ही चाचणी ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात मोजते. इंजेक्शनसाठीच्या पाण्यात एका मिलिलिटरला ०.२५ युनिटपेक्षा जास्त एंडोटॉक्सिन चालत नाही. शिरेतून द्यायच्या औषधाला माणसाच्या दर किलो वजनामागे तासाला ५ युनिट ही मर्यादा. शरीरात बसवायच्या उपकरणाला २० युनिट, आणि ते मेंदू-मणक्याच्या द्रवाला लागणार असेल तर २.१५.

"म्हणजे माझा गुडघासुद्धा?" बाबा मधेच थांबले.

"हो. त्या खोक्यावर 'पायरोजेन-मुक्त' असं लिहिण्याआधी कुणीतरी असाच धातूचा भाग पाण्यात भिजवून, ते पाणी अशाच नळीत घातलं असणार."

बाबांनी खाली गुडघ्याकडे पाहिले, मग समोरच्या चिखलाकडे. "म्हणजे याचं देणं लागतो मी," असे काहीतरी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बलरामगडीला गेलो. चांदीपूरजवळच बुढाबलंग नदी समुद्राला मिळते, तिथला हा मासळीचा धक्का. होड्या लागलेल्या, माशांचे ढीग, बर्फ, लिलावाची ओरड. तिथे मला माझा प्राणी दिसला. जाळ्यांच्या एका जुन्या ढिगाऱ्यात तीन पडले होते. तिन्ही मेलेले, पाय जाळ्यात गुंतलेले, कवच वाळून तपकिरी झालेले.

जाळी शिवत बसलेल्या एका दादांना मी हिंदीत विचारले. ते म्हणाले, याला कुणी खात नाही, विकत नाही. जाळ्यात आला की जाळे फाडतो, सोडवायला वेळ जातो. काहीजण सोडवून पाण्यात टाकतात, काहीजण तसेच किनाऱ्यावर टाकतात. कायद्याने त्याला मारायची बंदी आहे हे त्यांना ठाऊक होते. "पण जाळं कायदा वाचत नाही," ते म्हणाले.

खरे सांगते, मी मनात वेगळे चित्र घेऊन आले होते. वाटले होते, इथे येऊन आपल्या धंद्याचे पाप बघावे लागेल. पण माझ्या नळीतले द्रव इथल्या प्राण्याचे नाहीच. ते अमेरिकेतल्या त्याच्या भावंडाचे. तिथे किनाऱ्यावरून प्राणी पकडतात, हृदयाजवळ सुई घालून रक्ताचा सुमारे तिसरा हिस्सा काढतात आणि पुन्हा समुद्रात सोडतात. त्यातले साधारण १५ टक्के मरतात असा हिशेब धरला जातो. काही अभ्यासांत आकडा त्याहून जास्त आहे. चीनकडच्या किनाऱ्यावरच्या जातीची स्थिती आणखी वाईट. २०१९ साली तिची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. इथला मरतो तो सुईने नाही, जाळ्याने. हे कळल्यावर आपण सुटलो असे मला क्षणभर वाटले. ते वाटणेच मला आवडले नाही.

त्या रात्री जेवताना बाबांना मी खणातल्या फाईलबद्दल सांगितले.

या रक्ताला पर्याय आहे. सिंगापूरच्या जीक लिंग डिंग आणि बो हो या संशोधक दांपत्याने या प्राण्याच्या रक्तातला एंडोटॉक्सिन ओळखणारा मुख्य घटक शोधला, त्याचे जनुक काढून दुसऱ्या पेशींमध्ये घातले आणि तो घटक प्रयोगशाळेत तयार केला. त्यांनी जनुक घेतले ते खारफुटीत राहणाऱ्या जातीचे. तीच जात आपल्या सुंदरबनातही आहे. २००३ पासून तो घटक बाजारात विकत मिळतो. २०१८ मध्ये अमेरिकेत अर्धशिशीवरचे एक इंजेक्शन याच चाचणीवर मंजूर झाले. युरोपच्या फार्माकोपियाने २०२१ पासून ही पद्धत स्वीकारली, अमेरिकेच्या फार्माकोपियानेही २०२५ मध्ये तिच्यासाठी वेगळे प्रकरण लागू केले. आपल्याकडेही २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांशिवायच्या चाचण्यांना वाट मोकळी झाली. वारा कुठल्या दिशेने आहे हे स्पष्ट आहे.

"मग अडलंय कुठे?"

"माझ्या खणात," मी म्हटले.

आमच्या वरिष्ठांनी आठ महिन्यांपूर्वी मला सांगितले होते, की नवे द्रव आणि जुने द्रव शेजारी शेजारी चालवून बघ, कुठल्या औषधांना ते चालते ते मांड, आराखडा लिही. मी फाईल उघडली, शीर्षक लिहिले आणि ठेवून दिली. प्रत्येक औषधाच्या तीन तीन बॅचेस, प्रत्येकीत मुद्दाम ठराविक एंडोटॉक्सिन मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांच्या आत परत मोजले जाते का ते पाहायचे, नव्या यंत्राची तपासणी, दीडशे पानांचे कागद. तपासणीला येणारा अधिकारी शंभर प्रश्न विचारणार. जुनी पद्धत चालू आहे, तिला कुणी काही विचारत नाही. आणि कुणी विचारलेच तर माझे उत्तर तयार होते: रुग्णाच्या सुरक्षिततेशी खेळ नको.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना त्या नर्सने 'होतं असं कधीकधी' म्हटलं होतं. तिलाही तेच सोपं होतं."

मला ते लागले. पण त्यांचे चुकलेही नव्हते. नवी पद्धत डोळे झाकून घ्यायची नाही, हे खरेच आहे. ती जुनीइतकी चांगली आहे हे दाखवल्याशिवाय एकही बाटली तिच्या भरवशावर सोडायची नाही. ती काळजी. पण दाखवायला सुरुवातच न करणे ही काळजी नव्हे, ती सवय. दोन्हींची भाषा एकच असते, म्हणून आपण आपल्यालाच फसवतो.

शेवटच्या दिवशी पहाटे जाळीवाले दादा आम्हाला घेऊन गेले. रात्री मोठी भरती होऊन गेली होती, आता पाणी दूर गेले होते. चंद्र मावळतीला, पूर्वेला नुकते तांबडे. दादा पुढे, बाबा काठी टेकत मधे, मी मागे. दादा एके ठिकाणी वाकले. वाळूवर सायकलच्या चाकासारखी एक रेघ वळत वळत गेली होती. रेघेच्या शेवटी ते होते.

जोडी होती. मादी ताटलीएवढी, तिच्या पाठीला धरून लहान नर. अर्धे वाळूत रुतलेले. थोड्या अंतरावर आणखी एक, तो उलटा पडलेला. पोटाकडचे पाय हवेत संथपणे हलत होते, शेपटीचे टोक वाळूत रोवून तो पलटी मारायचा प्रयत्न करत होता, आणि दर वेळी शेपूट सरकत होती. पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारखे कल्ले. ते ओले आहेत तोवर तो तगतो. ऊन चढले आणि पक्षी आले की संपला.

मी शेपटीला हात घालणार, तर दादांनी थांबवले. शेपटी धरून कधी उचलायचे नाही, ती तुटली तर पुन्हा त्याला सरळ होता येत नाही. कवचाच्या दोन्ही कडा धरायच्या. मी खाली बसले. कवच थंड होते, गुळगुळीत, अपेक्षेपेक्षा हलके. उलटे केले. सहा वर्षे मी नळ्या उलट्या करते आहे, तेव्हा हात थरथरत नाहीत. तिथे थरथरले.

तो क्षणभर तसाच राहिला. मग पाठीच्या कडेने वाळू ढकलत, समुद्र ज्या दिशेला होता त्या दिशेला निघाला. त्याला दिशा कशी कळली कोण जाणे. मला तर सगळीकडे सारखीच करडी जमीन दिसत होती.

"आता चला," दादा म्हणाले. भरती सुरू झाली होती. सपाट तळावर पाणी येते ते लाट होऊन नाही, पसरत येते, आणि तुम्हाला कळायच्या आत घोट्याला लागते. बाबांचा वेग बेताचा. किनारा एक किलोमीटर तरी होता. दादांनी त्यांचा एक हात धरला, मी दुसरा. मधल्या खोलगट भागात पाणी पोटरीपर्यंत आले होते. बाबांचा उजवा पाय एकदा रुतला आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. त्यांनी तो शांतपणे सोडवला, म्हणाले, "पाहुणा टिकला." सुरूच्या झाडांखाली पोचून मागे वळून पाहिले, तेव्हा आम्ही चाललो होतो ती सगळी जमीन पाण्याखाली गेली होती.

बडोद्याला परतल्यावर आईने विचारले, "झाला खेकडा बघून?" बाबांनी तिला गुडघा वाकवून दाखवला आणि सगळी गोष्ट माझ्याआधी सांगून टाकली. तिने फक्त एवढेच विचारले, "आणि ते जाळ्यातले?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. निघताना दादांना मी म्हटले होते, की जाळ्यात आलेला जमेल तेवढा सोडवा. ते हसून म्हणाले होते, "मी सोडवतोच. दुसऱ्यांना सांगेन."

सोमवारी मी खणातली फाईल बाहेर काढली. आराखडा लिहायला तीन आठवडे लागले. पहिल्या औषधाच्या तिन्ही बॅचेस नव्या आणि जुन्या पद्धतीत जुळल्या. दुसरे औषध मात्र नव्या द्रवाला अडथळा करते, मिसळलेले एंडोटॉक्सिन पुरते परत मोजले जात नाही. म्हणून त्या औषधाची जुनी चाचणी आज तरी चालूच आहे. नमुना अधिक विरळ करून पुन्हा पाहायचे ठरले आहे. वरिष्ठांनी फाईलवर एकच शेरा मारला: 'पुढे चालू'.

घरात कुणाला सलाईन लागेल तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरे एकदा वाचा. 'निर्जंतुक' या शब्दाशेजारी बहुधा 'पायरोजेन-मुक्त' असेही लिहिलेले असते. त्या एका शब्दासाठी कुठे तरी कुणी ससा अडकवला, कुणी समुद्रातून प्राणी उचलला, कुणी नळी उलटी केली. आमच्या आजोबांना तो शब्द मिळाला नाही. तो आता सगळ्यांना मिळतो, आणि तो कमी किमतीत कसा मिळवायचा हे माझ्या पिढीचे काम आहे.

दुसऱ्या औषधाच्या नळ्या उद्या सकाळी पुन्हा लावायच्या आहेत.